गोळ्या तालुक्याला आल्या, माणसं मात्र लांबच जातात

हिरवी पावती (धागाकर्ती)

आमच्या ग्रामीण रुग्णालयात लिंक एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणारं केंद्र, सुरू झालं तेव्हा मला कोण आनंद झाला होता! मी तिथे आयसीटीसीला (एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्राला) समुपदेशक होते. कंत्राटी, चौदा वर्षं. तोवर आमच्या तालुक्यातले पेशंट गोळ्यांसाठी जिल्ह्याला जायचे. अख्खा दिवस जायचा, मजुरी बुडायची. वरून यादी आली की यांना आता इकडे वळवून घ्या. मी दार लावून एकेकीला फोन करायला बसले. "ताई, आता लांब जायला नको. इथंच मिळतील गोळ्या."

पहिल्याच बाईनं विचारलं, "केसपेपर कुठं काढायचा?"

"इथंच की, खिडकीवर."

"खिडकीवर कोण असतंय?"

मी सांगितलं कोण असतं ते. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "ते आमच्या भावकीतलं हाय, मॅडम. मी आपली जाते जिल्ह्याला. गेलं तर जाऊद्या एसटीला पैसं."

त्या यादीतले निम्मेसुद्धा आले नाहीत. आले ते बहुतेक दुसऱ्या तालुक्यातले! म्हणजे आमचे लोक तिकडे जात होते आणि तिकडचे आमच्याकडे. वरिष्ठांना रिपोर्ट देताना मी 'प्रवासाच्या अडचणीमुळे' असं लिहिलं. खरं कारण लिहायला फॉर्मात रकानाच नव्हता.

हे आज आठवायचं कारण म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा. २०२१ ते २०२६, १५,४७१ कोटी ९४ लाखांचा. त्याची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, आणि पुढे काय, याची चर्चा जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर चाललीय. तिथं सगळे आकड्यांत बोलतात. ९५-९५-९५ टक्के हे लक्ष्य, म्हणजे किती जणांना आपला संसर्ग माहीत आहे, त्यातले किती गोळ्यांवर आहेत आणि त्यातल्या किती जणांचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) दबलेला आहे. भारताचा २०२३-२४ चा हिशोब साधारण ८१-८८-९७ असा सांगतात. तिसरा आकडा बघा, ९७. जो गोळी घेतो तो बरा राहतो. औषधाचा प्रश्न आपण सोडवला, हे मी छातीठोक सांगते. अडतंय ते पहिल्या दोन आकड्यांत, आणि तिथं अडवणारी गोष्ट औषध नाही, ती खिडकीवरची भावकी आहे.

म्हणून विचारते: आखणी करणाऱ्यांनी अंतर किलोमीटरमध्ये मोजलं, तिथंच चुकलं का? तुमचे अनुभव सांगा. (आमच्या खात्याचं, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचं, नाव 'नाको'. फोनवर 'मी नाकोच्या प्रोग्रॅममधून बोलतेय' म्हटलं की अर्धे लोक 'नको, नको' म्हणून ठेवून द्यायचे. हे आपलं असंच.)

---

चहाटळ

नाको-नको :ड

बाकी धागा वाचतोय. एक अडाणी प्रश्न. बीपी-शुगरच्या गोळ्या जशा पीएचसीत मिळतात तशाच या का देत नाहीत? वेगळी खोली, वेगळं सेंटर, वेगळी पाटी. वेगळं केलंत म्हणूनच लोक लपतात ना?

---

हिरवी पावती

@चहाटळ, अडाणी नाही, लाखमोलाचा प्रश्न आहे. याच्यावर आम्ही ट्रेनिंगमध्ये भांडायचो. पाटी काढली तर लाज कमी होईल, पण मग सगळ्या ओपीडीसमोर नर्स ओरडणार, "ए, ते एआरटीवालं कोण?" वेगळ्या खोलीत निदान दार लावता येतं. आमच्या खोलीबाहेर नुसता नंबर होता, पाटी नाही. तर शिपाई विचारणाऱ्याला हाताने दाखवायचा, "ते बघा, तिकडं, एड्सचं."

---

जुनी रद्दी

वेगळं करण्यावरून आठवलं. आजच्या पोरांना माहीत नसेल, आपल्याकडे याची सुरुवात 'वेगळं करा' अशीच झाली होती.

१९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी वेश्याव्यवसायातल्या बायकांचे रक्ताचे नमुने तपासून घेतले आणि देशातली पहिली लागण उजेडात आली. तेव्हा हा परदेशातला रोग, आपल्याकडे कसा येईल, असा सगळ्यांचा थाट होता. पुढच्याच वर्षी कार्यक्रम सुरू झाला. कार्यक्रम म्हणजे काय, तर रक्त तपासा आणि माणूस शोधा.

गोव्यात तर कायदाच केला होता, सापडला की डांबा. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचललं. गुन्हा काय? रक्तदान केलं होतं, त्यात तपासणीत सापडला. म्हापशाला क्षयरोग्यांच्या बंद पडलेल्या दवाखान्यात ६४ दिवस ठेवला, बाहेर पहारा. आईनं कोर्टात धाव घेतली. उच्च न्यायालयानं कायदा उचलूनच धरला! १९९२ मध्ये तो गेला, पण जायच्या आधी गोव्यात बाधितांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी करून गेला.

त्याच उच्च न्यायालयानं १९९७ मध्ये, मुंबईतल्या एका कामगाराच्या खटल्यात, काम करायला धडधाकट असलेल्या माणसाला निव्वळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. त्या माणसाचं नाव निकालात नाही. 'एमएक्स' एवढंच. नाव झाकून खटला चालवता येतो हे तेव्हा मान्य झालं, ही माझ्या मते त्या निकालातली निम्मी कमाई.

पावतीताईंचा खिडकीचा प्रश्न आणि हा 'एमएक्स', एकच गोष्ट आहे.

---

आकडेबहाद्दर

दंडवत घ्या रद्दीशेठ.

मी थोडा आकड्यांच्या बाजूने बोलतो, कारण आखणी शेवटी त्यावरच होते. २००२ मध्ये अमेरिकन गुप्तचरांच्या एका अहवालात भाकीत होतं की २०१० पर्यंत भारतात दोन ते अडीच कोटी लोकांना लागण होईल. त्यावर दिल्लीत केवढा गदारोळ झाला होता! पुढे २००५ च्या सुमाराला आपला सरकारी अंदाज ५२ लाखांचा होता. आणि २००७ मध्ये एका रात्रीत तो निम्म्याहून खाली आला, साधारण २५ लाख.

हे कसं झालं ते समजून घेण्यासारखं आहे. आधी अंदाज कुठून यायचा, तर सरकारी दवाखान्यात नाव घालायला आलेल्या गरोदर बायकांच्या रक्तावरून. एका केंद्रावर ४०० नमुने, नाव-गाव काढून टाकलेले. पण सरकारी दवाखान्यात येतं कोण? गरीब, शिवाय खासगीवाल्यांनी 'तिकडे जा' म्हणून पाठवलेले. त्यांच्यावरून अख्ख्या जिल्ह्याचा हिशोब मांडला की तो फुगणारच. मग २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघरी जाऊन लाखाहून जास्त लोकांचं रक्त तपासलं आणि फुगा फुटला.

गंमत अशी की आकडा कमी झाला म्हणून रोग कमी झाला, असं बऱ्याच पुढाऱ्यांना वाटलं. माणसं तेवढीच होती हो. मोजणी सुधारली.

२०२३ चा अंदाज: देशात २५ लाख ४४ हजार, वर्षाला नवे साधारण ६८ हजार. संख्येनं महाराष्ट्र पहिला, जवळपास ४ लाख. नवी लागण २०१० च्या तुलनेत ४४ टक्क्यांनी घटली, जगाची सरासरी ३९. म्हणजे आपण वाईट नाही आहोत. पण ६८ हजार म्हणजे एखादं मध्यम शहर, दरवर्षी.

---

सरळमार्गी

कुणाला राग येईल, पण स्पष्ट बोलतो. कॅन्सरवाला पेशंट घर विकतो. किडनीवाला डायलिसिसला रांगेत मरतो. आणि ज्यांनी स्वतःच्या वागण्यानं ओढवून घेतलं त्यांना आयुष्यभर फुकट गोळ्या, फुकट तपासण्या. करदात्याचा पैसा आहे हा.

---

कृष्णाकाठ

@सरळमार्गी, राग नाही आला. हसू आलं. मी सांगली-मिरजेकडचा. आमच्याकडे या कामात मुरलेली माणसं आहेत, 'संग्राम' ही संस्था आणि तिच्यातून १९९६ मध्ये उभी राहिलेली 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. तुम्ही म्हणता तसल्या 'वागण्याच्या' बायकांनी काय केलं ते ऐका.

नव्वदच्या दशकात साहेबलोक गाड्या घेऊन वस्तीत यायचे, कंडोमचे खोके टाकायचे आणि जायचे. खोके माळ्यावर. मग बायका म्हणाल्या, वाटायचे तर आम्ही वाटू. कुठल्या घरात किती जणी, कुणाकडे किती गिऱ्हाईक, कोण ऐकत नाही, कोण दारू पिऊन येतो, हे आम्हाला माहीत, तुम्हाला नाही. त्यांनीच हिशोब ठेवला. कंडोमशिवाय गिऱ्हाईक घेणार नाही हे एकटीनं म्हणून चालत नाही, ते शेजारच्या घरात जातं. गल्लीनं मिळून म्हणावं लागतं. ते त्यांनी म्हटलं.

दिल्लीला हे नंतर कळलं. २००७ च्या तिसऱ्या टप्प्यात मग हेच अख्ख्या देशाचं धोरण झालं: टीआय, म्हणजे जास्त जोखमीच्या गटांसाठीचे प्रकल्प, साधारण साठ जणींमागे त्यांच्यातलीच एक पिअर एज्युकेटर. आज मोठ्या खोलीत पीपीटीवर जे दाखवतात ते आधी गोकुळनगरच्या ओट्यावर ठरलेलं आहे.

तर तुमचा करदात्याचा पैसा त्या बायकांनी वाचवला. एक लागण टळली की तीस-चाळीस वर्षांच्या गोळ्या वाचतात. करा गुणाकार.

---

हिरवी पावती

@सरळमार्गी, माझ्या खोलीत आलेल्या बायकांपैकी बहुतेकींना ते लग्नात मिळालं होतं. 'वागणं' म्हणजे एवढंच की हळद लागली. काहींना रक्त चढवताना. पैसे घेऊन रक्त विकण्यावर १९९८ च्या जानेवारीत बंदी आली, त्याआधी काय चालायचं ते जुन्या लोकांना विचारा. आणि बाळांचं काय वागणं असतं?

बाळांचं सांगतेच. आमच्या कामात सगळ्यात समाधानाचं तेच. बाळंतपणाच्या वेळी आईला आणि बाळाला नेव्हिरॅपिनचा एकेक डोस, इथपासून आम्ही सुरुवात केली. आता गरोदरपणात सापडली की लगेच आईच्या गोळ्या सुरू, आणि बाळाला जन्मल्यापासून सिरप. दीड महिन्यानं बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब कागदावर घ्यायचे. जाड टीपकागदासारखा असतो, त्यावर गोल आखलेले. गोल पूर्ण भरला पाहिजे, बाहेर सांडता कामा नये, आणि वाळेपर्यंत माशी बसू द्यायची नाही. मी वहीनं वारा घालत बसायचे. सिस्टर ओरडायच्या, वारा घालू नका, आपोआप वाळू द्या! आई शेजारी बसून त्या कागदाकडे बघत असायची. बाळाकडे नाही, कागदाकडे.

रिपोर्ट यायला तेव्हा आठवडे लागायचे. 'निगेटिव्ह' सांगितलं की काही जणी पाया पडायच्या. मी म्हणायचे माझ्या कशाला, गोळ्या तुम्ही खाल्ल्यात.

---

औषधी

फुकट गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर फार्मसीच्या बाजूनं दोन शब्द.

२००० च्या आसपास तीन औषधांचा वर्षाचा खर्च परदेशी कंपन्यांच्या भावानं दहा-बारा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी जाहीर केलं की आम्ही हे डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या संस्थेला माणशी वर्षाला ३५० डॉलरला देऊ. दिवसाला एक डॉलरहून कमी! सगळ्या जगात खळबळ. आपल्याकडे तेव्हा औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर. म्हणून ते जमलं. २००५ मध्ये तो कायदा बदलला, पण तोवर भारतीय कंपन्यांनी आफ्रिकेची निम्मी कपाटं भरली होती.

आणि विरोधाभास बघा. औषधं भारतात बनतात, आफ्रिकेत जातात, पण आपल्या सरकारनं फुकट द्यायला १ एप्रिल २००४ उजाडावा लागला. तेही मोजक्या आठ केंद्रांत, त्यात मुंबईचं जेजे. तीन वर्षं! त्या तीन वर्षांत इथं किती गेले त्याचा हिशोब कुणी मांडला नाही.

त्यातही गोम होती. सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) २०० च्या खाली गेला तरच गोळ्या. म्हणजे माणसाला सांगायचं, "तुम्हाला आहे, पण अजून पुरेसं नाही. खाली आलात की या." पुढे ही रेघ ३५० वर गेली, मग ५०० वर. शेवटी २०१७ मध्ये रेघच पुसली, सापडला की सुरू. आता तर दिवसाला एकच गोळी, टेनोफोविर-लॅमिवुडिन-डोल्युटेग्राविर. आधीच्या गोळीत एफाविरेन्झ होतं. ती रात्रीच घ्यायची, कारण डोकं गरगरायचं आणि स्वप्नं अशी पडायची की विचारू नका.

---

दोन नावं

हा आयडी या धाग्यापुरताच काढलाय. माझा नेहमीचा आयडी तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. पाककृतींच्या धाग्यावर भांडलोय आपण.

एफाविरेन्झची स्वप्नं. हो. मला दोन वर्षं रोज रात्री शाळेची परीक्षा असायची आणि मी लुंगीवर.

पावतीताई, तुमच्या त्या बाईंचं मला पटतं. मी पुण्यात राहतो आणि गोळ्या दुसऱ्या जिल्ह्यातून घेतो. पुण्यात एवढी केंद्रं असताना. बायकोला माहीत आहे, तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, माझा लोड कित्येक वर्षं 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' येतोय, विषाणू सापडतच नाही. म्हणजे माझ्याकडून तिला जात नाही. हे डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी आम्ही दोघं भेळ खायला गेलो. बाकी कुणाला माहीत नाही.

आता आखणी करणाऱ्यांना एक गोष्ट सांगा. ती डबी. पांढरी प्लास्टिकची, तीस गोळ्यांची, आत सुकं ठेवायची पुडी. पिशवीत टाकली की चालताना खुळखुळ वाजते. ओळखणारे ओळखतात. सेंटरबाहेर पहिल्या वळणावर जो कचऱ्याचा डबा असेल तो एकदा बघा. रिकामे खोके आणि फाडलेली लेबलं. आम्ही सगळे तिथं थांबतो, खोका टाकतो, लेबल नखानं सोलतो. मी डबीत वरून कापूस कोंबतो, मग वाजत नाही. घरी आल्यावर मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीत ओततो. ओतू नका म्हणतात, दमट होतात. मला माहितेय.

आता तीन महिन्यांच्या एकदम मिळतात, कोविडपासून. म्हणजे तीन डब्या. तिप्पट कापूस.

एसटीत आम्हाला फुकट प्रवास आहे. दाखला कंडक्टरला दाखवायचा, भरल्या गाडीत. ज्यानं ही सवलत काढली त्याचं भलं होवो, हेतू चांगलाच होता. मी तिकीट काढतो.

---

चहाटळ

_/\_

काही बोलायला सुचत नाही. परीक्षेच्या धाग्यावर मात्र तुमची लुंगी आता विसरता येणार नाही.

---

दोन नावं

चालतंय :) हसा की.

---

सरळमार्गी

@दोन नावं, माझा वरचा प्रतिसाद तुम्हाला उद्देशून नव्हता. संपादित करता येत नाहीये. असो.

---

शब्दवेल्हाळ

अवांतर: वर रद्दीशेठनी 'बाधित' वापरलंय हे बरं वाटलं. वर्तमानपत्रं अजून 'एड्सग्रस्त' लिहितात. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, एड्सग्रस्त. आणि एचआयव्ही आणि एड्स एकच नव्हे हे कधी कळणार? विषाणू असणं वेगळं, प्रतिकारशक्ती ढासळून टीबी-निमोनिया वगैरे होणं वेगळं.

---

जुनी रद्दी

अवांतराला अवांतर: आमच्याकडे खेड्यात 'मोठा आजार' म्हणतात. आधी टीबीला म्हणायचे, नंतर याला.

---

डोंगरापल्याड

मी मूळची साताऱ्याची, मिस्टरांच्या पोस्टिंगमुळे काही वर्षं ऐझॉलला काढली. तुमची चर्चा महाराष्ट्राभोवती फिरतेय म्हणून लिहिते. देशात प्रमाण सगळ्यात जास्त मिझोरममध्ये आहे, मोठ्या माणसांत शेकडा २.७ च्या आसपास. देशाची सरासरी ०.२. म्हणजे तेरा पटींहून जास्त.

तिथं सुयांचा प्रश्न आहे. पोरं शिरेतून नशा करतात, एक सुई चौघांत फिरते. त्यामुळे तिथला कार्यक्रम बघून मी आधी चक्रावलेच, कारण सरकारच नव्या सुया वाटतं, जुन्या परत घेतं! आणि जिभेखाली ठेवायची ब्यूप्रेनॉर्फिनची गोळी रोज समोर बसवून देतात, म्हणजे सुई सुटते. आपल्याकडे कुणी असं म्हटलं असतं तर मोर्चा निघाला असता. तिथं सुरुवातीला चर्चच्या मंडळींना पचलं नव्हतं म्हणे, पण प्रत्येक गल्लीतलं एखादं पोर गेल्यावर कुणाशी भांडणार?

दिल्लीत बसून एकच आराखडा सगळ्या देशाला लावला तर कसं होईल? सांगलीचं ऐझॉलला चालत नाही.

---

आकडेबहाद्दर

@डोंगरापल्याड, ते मात्र तिसऱ्या टप्प्यापासून बऱ्यापैकी केलंय. जिल्ह्यांचे अ-ब-क-ड असे गट पाडले. गरोदर बायकांत एक टक्क्याहून जास्त सापडलं की 'अ'. आपले बरेच जिल्हे तेव्हा 'अ' होते. पैसा त्या हिशोबानं जायचा. आणि राज्याराज्यांत वेगळी एड्स नियंत्रण सोसायटी तर त्याआधीच काढली होती, म्हणजे मंत्रालयात फाइल अडकू नये. आपली वडाळ्याला आहे, मुंबईची तर वेगळीच.

---

हिरवी पावती

आता फाइल अडकत नाही, माणसंच अडकतात. आम्ही सगळे कंत्राटी. समुपदेशक, लॅब टेक्निशियन, डेटा मॅनेजर, सगळे. दर वर्षी मार्चमध्ये धाकधूक. एक पेशंट मला पहिला रिपोर्ट देणारी म्हणून ओळखतो, माझ्याशीच बोलतो. मी गेले की तो नव्या बाईसमोर पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगणार का? नाही सांगत. येणंच बंद करतो. मग रजिस्टरात त्याच्यापुढे 'एलएफयू', म्हणजे पाठपुरावा सुटला. सुटला तो आमचा करार, नाव लागतं त्याला.

आणि २०२२ चं विसरू नका. गोळ्यांचा तुटवडा झाला होता. दिल्लीत नाकोच्या ऑफिसबाहेर बाधित मंडळी ४० हून जास्त दिवस बसून होती. पावसात. ज्यांना ओळख लपवायची सवय, ती माणसं चेहरा उघडा ठेवून कॅमेऱ्यासमोर बसली, तेव्हा त्यांची काय वेळ आली असेल?

---

दोन नावं

तेव्हा मला तीन महिन्यांऐवजी आठवड्याच्या मोजून दिल्या. कागदाच्या पुडीत. डबीचा आवाज तेवढा गेला.

---

कलमबहाद्दूर

कायद्याचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर, विमा, कुठेही भेदभाव करायला बंदी. संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय कुणाला सांगायचं नाही. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा, दवाखाना असेल तर वीस किंवा जास्त. राज्यानं लोकपाल नेमायचा. त्यानं ३० दिवसांत निकाल द्यायचा, तातडीच्या उपचाराची बाब असेल तर २४ तासांत. आदेश मोडला तर दहा हजारांपर्यंत दंड, वर मोडत राहिला तर दिवसाला पाच हजारांपर्यंत.

एकच माशी शिंकली. औषधोपचार सरकारनं 'शक्य तितपत' द्यावा असं कलम १४ मध्ये आहे. संघटनांनी त्या दोन शब्दांसाठी केवढा आटापिटा केला, निघाले नाहीत. २०२२ मध्ये त्या दोन शब्दांचा अर्थ कळला.

आता ताईंना प्रश्न: तुमच्या चौदा वर्षांत किती जणांनी तक्रार केली?

---

हिरवी पावती

कायदा आल्यावर? माझ्या माहितीत एकानंही नाही. एका बाईचं गर्भाशयाचं ऑपरेशन होतं. तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्यानं रिपोर्ट बघितला आणि 'मशीन बिघडलंय' म्हणून परत पाठवली. मी कायद्याचं पुस्तक काढलं, अर्ज लिहून देते म्हटलं. ती म्हणाली, अर्जावर माझं नाव येणार का? 'एमएक्स' करून देता येतं हे मला तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं, रद्दीशेठ. शेवटी दीडशे किलोमीटरवर एका सरकारी दवाखान्यात झालं ऑपरेशन. पुन्हा लांबच.

@चहाटळ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. पाचव्या टप्प्यात 'संपूर्ण सुरक्षा केंद्रं' काढली आहेत, कुठल्याही ठरावीक गटात न बसणाऱ्यांसाठी. डेटिंग ॲपवाली पोरं वगैरे. तिथं एचआयव्हीबरोबर गुप्तरोग, कावीळ, सगळं बघतात. कल्पना चांगली आहे, कारण आत शिरणारा नेमका कशासाठी आलाय ते बाहेरच्याला कळत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की पुढचा आराखडा करताना एक रकाना वाढवा: 'पेशंटला कुठं यायचंय?' जवळचं केंद्र कुठलं ते नकाशावर कळतं. त्याला कुठलं बरं वाटतं ते त्यालाच विचारावं लागतं. आणि लांब यायचं असेल तर येऊ द्या ना. नियमात बसतं, कुठल्याही एआरटी सेंटरला नाव घालता येतं, ट्रान्सफरही होते. पण आम्हालाच टार्गेट असतं की इतके जवळ वळवा. मी स्वतः त्या बाईला तीनदा फोन केला होता. तिसऱ्यांदा तिनं नंबर बदलला.

---

औषधी

शेवटचं वाक्य...

ती गोळ्यांवर राहिली का पुढे?

---

हिरवी पावती

राहिली. जिल्ह्याच्या सेंटरवर माझी मैत्रीण होती, तिनं सांगितलं. दर महिन्याला येते म्हणाली, डोक्यावरून पदर घेऊन, पहिल्या गाडीनं.

---

नवखा_१२

नमस्कार. वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय. माझ्या चुलत भावाचा रिपोर्ट परवा आला. खासगी लॅबचा. त्यानं फक्त मला सांगितलंय. घरी कुणाला नाही. वय २४. तो म्हणतो आता काय उपयोग. त्याला कुठं न्यायचं? आमचं गाव लहान आहे, ग्रामीण रुग्णालयात माझी मामेबहीण नर्स आहे.

---

हिरवी पावती

@नवखा_१२, आधी त्याला एकटं सोडू नका, आज रात्री त्याच्याजवळच झोपा.

खासगी लॅबच्या एका रिपोर्टवर काही ठरवायचं नाही. आयसीटीसीत तीन वेगवेगळ्या किटवर तपासतात, तिन्ही आले तरच पॉझिटिव्ह म्हणतात. फुकट असतं. गावात नका जाऊ, तुम्हाला जिथं कुणी ओळखत नाही असा कुठलाही तालुका चालेल. १०९७ ला फोन लावा, नाव सांगावं लागत नाही, जवळची-लांबची सगळी केंद्रं सांगतात. आधार कार्ड सोबत ठेवा. आणि सकाळी लवकर जा, अकरानंतर गर्दी होते.

तिथं समुपदेशक विचारेल बरंच काही. तिच्यावर चिडू नका, फॉर्म मोठा असतो.

---

दोन नावं

@नवखा_१२, त्याला सांगा माझं निदान झालं तेव्हा मी २६ चा होतो. आता केस गेलेत, पोट सुटलंय आणि मुलगी चौथीत आहे. तिघंही ठीक.

तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. त्याला बोलायचं असेल तर नंबर देतो. रात्री कितीही वाजता.

---

नवखा_१२

व्यनि मिळाला. त्याला दाखवतो. उद्या पहिल्या गाडीनं निघतोय.